केव्हा

सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावर माझी खोली,
लिलाँग्वेच्या जुन्या बाजारात.
खालून वंगणाचा वास येतो,
वर मी वचने मोजते.

काम साधे आहे. उत्तरेकडच्या एका देशाने
तळ्याकाठच्या शहरात, झेंड्यांसमोर,
आमच्या दवाखान्यांसाठी एक आकडा उच्चारला.
टाळ्या पडल्या. तो मी पहिल्या रकान्यात लिहिला.
दुसऱ्यात, त्यांच्या संसदेने मंजूर केले ते.
तिसऱ्यात, बँकेतून निघाले ते.
चौथ्यात, पोचले ते.
डावीकडून उजवीकडे वाचत गेले की आकडा आटतो,
ऑक्टोबरात आमच्या नद्या आटतात तसा,
कुणी न पिता.

पहिल्या वर्षी वाटे, चूक माझीच.
बेरीज पुन्हा करी. मग नजर सरावली.
जुनेच चाळीस लाख
नवा सदरा घालून परत रांगेत उभे राहतात;
सल्लागाराचे विमानभाडे औषधात मोडते;
त्यांच्याच गावात शिकणाऱ्या कुणाची फी
माझ्या देशाच्या खात्यावर ताप उतरवते.
उधारीचे पोते सव्वा हात रिते.
मी मोजपट्टी घेऊन बसलेली बाई,
सव्वा म्हणजे नेमके किती, ते पाहत.

चौथ्या रकान्यासाठी फोन करावा लागतो.
करोंगाच्या पुढे, सरोवराकाठच्या एका केंद्रात
लुसुंगु म्कांडाविरे भांडार सांभाळतो.
तो आधी वारा सांगतो, मग मासळी,
उसिपा वाळली की कुजली,
मग कार्ड काढून वाचतो:
मलेरियाच्या गोळ्या, लहान मुलांच्या, शून्य.
शून्य.
शून्य.
इथे पेन चालले नव्हते, नुसता ओरखडा आहे,
तोही शून्यच धर, ताई.

मार्चमध्ये गोळ्या आल्या.
खोकी उघडताना लुसुंगुने फोन चालूच ठेवला,
चिकटपट्टी फाटत होती, तो मोजत होता,
चौतीस, पस्तीस, छत्तीस,
आणि मी एकटीच एवढ्याने हसले
की खालचा दुकानदार जिना चढून आला.
नियम असा, की आर्थिक वर्ष संपण्याआधी पोचले
तर वचन पाळले.
तीन आठवडे शिल्लक होते.
मी हिरवा रंग भरला. तो खोटा नव्हता.

मग सहज विचारले, पावसाचे महिने कसे गेले?
लुसुंगु थांबला.
आम्ही चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून देत होतो, म्हणाला,
बाजारात मिळाले तर घ्या म्हणून.
काही चिठ्ठ्या आता परत येतात,
घडी न मोडलेल्या. आईच घेऊन येते.
विचारते, हीच चिठ्ठी
धाकट्याला चालेल का.

त्या रात्री मी पाचवा रकाना आखला.
नाव दिले 'केव्हा'.

दूतावासातला योआकिम सभ्य माणूस आहे.
पहिल्या भेटीत त्याने माझ्या नावाचा अर्थ विचारला होता.
तावोंगा म्हणजे आम्ही आभार मानतो.
आईला वाटले असेल, पुढे उपयोगी पडेल.
त्याने लिहिले: तक्ता उत्तम झाला आहे.
मात्र पाचव्या रकान्याला निकष नाही,
मान्य पद्धतीत तो बसत नाही.
काढता येईल का?

बराच वेळ मी काही लिहिले नाही.
खाली कुणी चाक उचलून फिरवून बघत होते,
फ्रीव्हीलची टिकटिक विरत, विरत, थांबली.
मग लिहिले: येईल.
तळ्याकाठच्या तुमच्या भाषणात
'लवकरच' हा शब्द तीनदा आला आहे.
आधी तो काढा.

उत्तर यायचे आहे.
येईल त्या दिवसाची तारीखही
मी लिहून ठेवीन.