वेढे

चैत्र लागला की आमच्या दारात कूलर येऊन बसतात.
रिक्षातून, हातगाडीवरून,
एक तर लग्नाच्या टेम्पोतून आला, आहेराच्या भांड्यांना टेकून.
पत्र्याचे, गंजलेले,
पोटात गेल्या सालचं गवत, गवतावर क्षाराची पांढरी साय.
एकात पालीची दोन अंडी होती.
ती उचलून विटेच्या फटीत ठेवली, मग जाळी काढली.

"राजेशम आहे का?"
आहे. आत पडलाय डोळ्यांत थेंब घालून.
मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणतात डॉक्टर,
आढीत घातल्यासारखा पडून आहे.
पण मोटर चालू केली की आतूनच ओरडतो,
"बेअरिंग नाही ते, पातं वाकलंय!"
चुकत नाही.
बघायचं तेवढं माझ्याकडं.

सकाळी अकरापर्यंत विड्या.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्या, हजार.
ओल्या गोणपाटात पानं, सुपात तंबाखू,
आणि पंखा बंद, कारण तंबाखू उडते.
बारा कूलर दारात आणि मी घामानं चिंब,
पोस्टमन हसतो.
हसू दे.

अकरानंतर तार.
केसाएवढं तांबं, लाकडी साच्यावर एकेक वेढा.
गिऱ्हाईक येतं, बोलावं लागतं,
म्हणून बोलते मराठीत आणि मोजते तेलुगूत.
वकटी, रेंडू, मूडू.
"उद्या न्या, ढोबळेवहिनी."
"नाही हो, प्लॅस्टिकचा घेत नाही, त्याच्यात बोर्ड असतो,
बोर्ड जळला की देवपण हात लावत नाही."
दोन भाषा एकमेकींच्या पायात येत नाहीत,
बोटं पुढं जातात.

गुंडाळून झाली की वार्निश पाजायचं
आणि मोटर गच्चीवर.
ज्या उन्हानं जाळली
तेच ऊन तिला भाजून पक्की करतं.
सोलापुरात भट्टी विकत घ्यावी लागत नाही.

येलदी मास्तरांचा कूलर छत्तीस वर्षांचा.
मोटर तीनदा बदलली, पंप किती ते आठवत नाही,
तळाला डांबर, डांबरावर पत्रा, पत्र्यावर पुन्हा डांबर.
जुनं काय राहिलंय म्हणाल तर पुढची जाळी,
तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं: श्रावणी, तिसरी ब.
श्रावणी आता कुठल्याशा थंड देशात असते.
तिकडं दारातला बर्फ उडवायला यंत्र लागतं म्हणे,
तेही जुनं, तेही दोरी ओढ ओढ ओढल्यावर सुरू होणारं.
मास्तर म्हणाले, "तिला विचारलं, दुरुस्त कोण करतं गं?
म्हणाली, गल्लीत एक म्हातारा आहे."
राजेशमनं आतून विचारलं,
"त्याचे डोळे कसे आहेत?"

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला.
नळ पाचव्या दिवशी, कूलर रोज तीन घागरी पिणार.
लोक डाळ धुतलेलं पाणी ओततात,
मग म्हणतात, वास येतो, पंप अडकतो.
अडकणारच. पंपाच्या घशात
मेथीची काडी निघाली, एक बटण निघालं,
एका घरातून तर शाळेच्या ओळखपत्राचा तुकडा,
नुसता कान दिसत होता फोटोत.
मी सांगते, गाळून ओता बाबा.
पाणी ओतू नका असं मला सांगता येत नाही.

कारखान्यात चेकरनं आज साठ विड्या छाट काढल्या.
वळण सैल आहे म्हणाला.
असेल. तारेला ताण देऊन देऊन
बोटं पानाला विसरली असतील थोडी.

रात्री आमचा लावला.
बॉडी एकाची, पातं दुसऱ्याचं, मोटर मीच भरलेली.
आधी नुसता गुरगुरला,
चप्पल मारली तसा फिरला.
ओल्या वाळ्याचा वास खोलीभर.
राजेशम भिंतीकडं तोंड करून पडलेला, ऐकत होता.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"एक वेढा कमी पडलाय बघ."
"वेढा काय ऐकू येतो होय?"
तो काही बोलला नाही.

दुपारी मध्येच लाइट गेली होती,
तेव्हा मोजणी सुटली होती खरी.
मीही काही बोलले नाही.