वार

कंपालात रात्री अडीचला वीज जाते
आणि जनरेटर खोकत खोकत सुरू होईतो
उणे ऐंशीच्या फ्रीजरला पाठ लावून
नकाटो उभी राहते.
पाठीनं गारवा अडत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

प्रसूतिकक्षातून बर्फाच्या डब्यात वार येते.
आपल्या भाषेत ती वार, मुलामागून पडणारी,
आणि तो वार, कुणी कुणावर केलेला.
अक्षरं तीच, फरक फक्त लिंगाचा.
नकाटोच्या भाषेत हा खेळ नाही. तिकडची जुनी माणसं
वारेला बाळाचं जुळं म्हणायची,
केळीच्या बुंध्याशी पुरायची.
नकाटो तिला कात्रीनं बारीक करते, चाळणीतून धुते.

खाली उरतात त्या मारक पेशी.
हे नाव ठेवणाऱ्याला त्या आधी रक्तात भेटल्या असणार.
तिथं त्या दारोदार हिंडतात,
प्रत्येकीच्या अंगावरची खूण चाचपतात.
घरची आहेस? मग हात आखडता.
खूण पुसलेली, वर आतून कण्हणं ऐकू येतंय?
मग गय नाही.
त्यातही गंमत अशी, की घरच्या खुणेनं
ज्यांचा हात कधी धरलाच नाही,
त्यांना मारायलाही धड जमत नाही.

गर्भाशयात रीत वेगळी.
दाराशी आलेला निम्मा घरचा, निम्मा बापाकडचा.
मारायचं कुणालाच नसतं.
नागमोडी रक्तवाहिन्या सैल करायच्या,
वाट रुंद करून द्यायची,
आणि पाहुणा किती आत येतोय
त्यावर एक डोळा ठेवायचा.
त्यासाठी कुणीतरी पुढं ढकलावं लागतं,
कुणीतरी मागं खेचावं लागतं.

बाबिर्ये तिच्याआधी सात मिनिटं जन्मली.
एका बीजाच्या दोघी; शाळेत मास्तर
एकीचा मार दुसरीला देत.
पहिलटकरीण बाबिर्ये, आठवा महिना.
तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे.
बोडाबोडाच्या मागच्या सीटवर, टेकडी चढताना
तिला झटका आला.
लोक म्हणाले, मीठ फार खायची.
लोक म्हणाले, कुणाची तरी नजर.
नकाटोची दोन्ही बाळंतपणं
पावसात छत्री उघडावी तितकी सोपी.

एका रविवारी तिनं स्वतःचंच रक्त तपासलं.
कागदावर सगळे दोर मागं ओढणारे.
पुढं ढकलणारा एकही नाही.
म्हणजे बाबिर्येच्याही कागदावर हेच असतं.

मग किट्यो आला. टॅक्सी फाटकाबाहेर लावून,
बाही वर करून बसला, सुईकडं बघेना.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
आकडा तिला पाठ झाला, नको असताना.
त्याच्याकडं ती खूण निघाली
जिच्यानं मागचा दोर सगळ्यात जोरात ताणला जातो.
त्यातून बाळाकडं ती गेली असेल, नसेलही.
शक्यता जास्त, एवढंच. यापुढं कागद बोलत नाही.

"माझ्यामुळं गेली का ती?"
त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारलं.

नकाटोनं कापसाचा बोळा दाबून धरला,
लागतो त्याहून बराच वेळ.
"कुणी मारलं नाही तिला," ती म्हणाली.
"सगळ्यांनी हात आवरून धरले. फार आवरून धरले.
वाटा अरुंदच राहिल्या."

त्याला कळलं की नाही, कोण जाणे.
जाताना त्यानं मुलांसाठी भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवली.
दोन मुलं, म्हणून दोन पुड्या आणायला हव्या होत्या,
असं काहीतरी पुटपुटला.

आता जनरेटर लागलाय.
फ्रीजरचा हिरवा दिवा उणे एकोणऐंशी दाखवतो.
नकाटो पाठ काढून घेते. झगा ओला,
दोन खांद्यांच्या मधोमध,
जिथं स्वतःचा हात पोचत नाही,
तिथं गार.