जवारी

चाचा मुंबईहून कायमचे परत आले तेव्हा
ट्रंकेत दोन शर्ट, सोल्डरिंगची एक कांडी
आणि औषधाच्या बाटलीत पाव शेर पारा.
अम्मीनं बाटली फडताळात वर सरकवली,
उंदराच्या औषधाशेजारी.

आम्ही मिरजेचे शिकलगार.
पणजोबा तलवारी पाजळायचे. तलवारी संपल्या,
तेव्हा भोपळे आणून तंबोरे घडवू लागले.
बेचाळीस साली स्टेशनाबाहेर भरतीचं टेबल लागलं,
दस्तगीरचाचा म्हणाले, मला तार कळते.
साहेबाला वाटलं, तारायंत्र.
पुढचं सगळं आयुष्य त्या एका गैरसमजावर चाललं.

चितगावकडच्या एका टेकडीवर रडारची गाडी.
बुरशी धरलेल्या वायरी पुसायच्या, व्हॉल्व्ह बदलायचे,
रात्री पडद्यावर हिरवे ठिपके:
डोंगर, झाडं, आणि त्यांच्यातच कुठंतरी विमान.
डोंगर पुसायचा असेल
तर मागचा पडसाद क्षणभर धरून ठेवायचा
आणि नव्यातून वजा करायचा. जे उरतं ते हलतंय.
हे त्यांना तापानं फणफणलेल्या एका सार्जंटनं
सिगारेटच्या पाकिटावर काढून दाखवलं.
तो सार्जंट गेला. चाचांचा डावा कान गेला.
पाकीट राहिलं.

मग मुंबईत, एका सरकारी प्रयोगशाळेत,
पत्र्याच्या छपराखाली खोलीभर यंत्र, आणि त्याची आठवण
पाऱ्यानं भरलेल्या नळ्यांत.
एका टोकाला आकडा बोलायचा,
दुसऱ्या टोकाला ऐकायचा,
ऐकला की धावत येऊन पुन्हा पहिल्या टोकाला बोलायचा.
सेकंदाला हजारदा.
थांबलं की विसरलं.
सुट्टीवर आले तेव्हा चाचांनी हे चुलीपुढं बसून सांगितलं.
अम्मी भाकरी थापता थापता म्हणाली,
"मग तस्बीच की ही."

मी विचारलं, कसा असतो तो आवाज?
"माणसाच्या कानाला येत नाही रे.
तुझा चांगला कान आणि माझा हा डावा,
तिथं दोघांची किंमत एक."

यंत्रानं पहिली बेरीज बरोबर केली
ती पहाटे तीनला. फोटो निघाला.
चाचा त्यात नाहीत,
ते यंत्राखाली आडवे होते,
एक सुटी तार बोटांत दाबून.
सोडली असती तर बेरीज चुकली असती,
फोटोही निघाला नसता.

दहा-अकरा वर्षांनी ते यंत्र भंगारात गेलं, वजनावर.
नवं आलं त्यात पारा नव्हता.
ते शिका म्हणाले. शिकलेही. पण मन लागलं नाही,
असं ते म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

मग आमच्या गल्लीत, माझ्या शेजारी, पोत्यावर बसून
घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सारायचे.
केसभर पुढं. केसभर मागं.
तंबोऱ्याची दांडी दातांत धरून ऐकायचे.
धारवाडचे गवई ताटकळायचे,
मी विचारायचो, "लागली का?"
ते हात वर करायचे:
थांब, अजून पलीकडं पोचायचाय.

परवा फडताळ रंगवायला काढलं.
बाटली होती तिथंच, कोळिष्टकात.
एवढीशी.
उचलायला गेलो तर हात खाली गेला.