शहर दाखवताना

दोन बस बदलून, एक रात्र अवघडून
इल्का आणि विल्मोश सकाळी उतरले,
आणि मी हात पसरून म्हटलं, "हे माझं त्रिएस्ते!"
जणू कालपर्यंत मीच ते बांधत होते.

खरं तर रात्री दोनपर्यंत जागून
पाठ केलं होतं सगळं.
चौकाला तीनच बाजू, चौथीकडे समुद्र.
धक्क्याखाली एक बुडालेलं जहाज आहे,
त्याच्यावरच दगड रचत गेले.
काळी कॉफी हवी तर "नेरो" म्हणायचं,
थेंबभर दुधाची ती "कापो",
आणि तीच काचेच्या इवल्या पेल्यात हवी असेल
तर "कापो इन बी".
मी काउंटरला कोपर टेकून तीन मागवल्या,
अगदी इथल्यासारख्या, घाईत, अर्धे शब्द गिळून.
बाईनं मला इंग्रजीत विचारलं,
साखर हवी का?
विल्मोश लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.
बालवाडीपासूनची मैत्री, तेवढं कळतं त्याला.

मग किल्ला.
किल्ला टेकडीवर आहे, म्हणजे चढत राहायचं,
एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान.
पायऱ्या चढलो, एका बोळात शिरलो,
एका कुत्र्यानं आम्हाला दुसऱ्या बोळात हाकललं,
आणि पाय आपल्या सवयीनं वळले असणार,
कारण समोर आलं ते
माझं कपडे धुण्याचं दुकान.
"इथे काय आहे?" इल्कानं विचारलं.
आणि मी, सकाळपासून पहिल्यांदाच
कुठेही न वाचलेलं सांगू लागले:
चार नंबरचं यंत्र नाणं खातं आणि पिळत नाही.
सहा नंबर गरम असतं, जानेवारीत त्याला पाठ लावून बसावं.
बाहेर बोरा सुटतो तेव्हा दार आपोआप उघडतं
आणि सगळे एकदम मान वर करतात,
कुणी आलं का बघायला.
त्या कोपऱ्यातल्या नेरीनाबाई
मेलेल्या नवऱ्याचे शर्ट अजून धुतात, दर गुरुवारी.
माझा एक मोजा गेला तेव्हा
त्यांनी त्यातला एक जोड मला दिला.
"हाच का?" विल्मोशनं माझ्या पायांकडे बघितलं.
हाच.
आम्ही तिथे तासभर बसलो. काहीही धुवायला नव्हतं.

दुपारी पोहायला.
इथे एक किनारा आहे, मधोमध पांढरी भिंत,
बायका अलीकडे, पुरुष पलीकडे,
आणि भिंत थेट पाण्यात उतरलेली.
विल्मोश एकटाच पलीकडे गेला,
निशाळ प्रवासी सामानासारखा मागे वळून बघत.
अलीकडे म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या,
उन्हात रापलेल्या, उघड्या पाठीच्या, कुणाचं काही न लागणाऱ्या.
"इथे येतेस नेहमी?"
"हो, खूपदा," मी म्हटलं आणि टॉवेल अंथरला.
इल्का काही बोलली नाही.
वाकली, टॉवेलच्या टोकाला लटकणारी किमतीची चिठ्ठी
दातांनी तोडली,
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
मग विचारलं, "जेवतेस ना नीट?"

नऊ महिन्यांत हा प्रश्न
माझ्या भाषेत मला कुणी विचारला नव्हता.
फोनवर आई विचारते, पण फोनवर
जेवलेलं तोंड करता येतं.

मी उत्तर द्यायच्या आत
भिंतीपलीकडून विल्मोश ओरडला,
"पोरींनो, तुमच्याकडचा समुद्र कसा आहे?"
पत्त्यांतून मान वर न काढता
एका म्हातारीनं तिच्या बोलीत काहीतरी सुनावलं,
सगळा किनारा हसला,
आणि मला, देवाशप्पथ, ते कळलं.
मीही हसले. इल्काला सांगायला
शब्द लावत बसले,
तेवढ्यात रडू आलं, त्याचं काय करायचं ते सुचेना,
म्हणून पाण्यात शिरले.

रविवारी बसच्या पायरीवरून विल्मोश म्हणाला,
"किल्ला राहिलाच."
राहू दे की, मी म्हटलं.
बस वळली. माझ्या हातात त्यांनी ठेवलेली
पापरिकाची पुडी, अर्धा सॉसेज, आणि चिल्लर:
चार नंबरसाठी, इल्का म्हणाली होती,
त्यालाही कधीतरी खायला घाल.