खालची बाजू

फोंड्याच्या वरच्या बाजारात, उल्हास रायकरांच्या पेढीवर
आईने पर्स अजून उघडलेली नाही.
आधी पदराने चष्मा पुसला.

चमकीसाठी हिरा. एकच.
एकतीस वर्षं उसगावच्या कारखान्यात,
आधी फोडणीला, मग निवडणीला.
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस, पाकळी, कणी,
नजर पडायची आणि हात आपसूक त्या त्या डब्याकडे.

रायकरांनी कागदाची पांढरी घडी उलगडली,
चिमट्याने खडा उचलला, भिंग तिच्या हातात दिलं.
"हे वरचं सपाट, ते टेबल.
त्याच्या कडेने उतरतो तो मुकुट.
ही कंबर. आणि कंबरेखाली निमुळतं होत होत
ते टोक."

"खालचं कोण बघतंय?" मी म्हटलं,
"ते तर सोन्यात बुडणार."

रायकर हसले नाहीत.
"उजेड वरून आत जातो, बाय.
परत पाठवायचं काम खालच्याचं.
उथळ असलं तर गळतो. फार खोल असलं, तर विहीर."

आई बराच वेळ भिंगातून वर आलीच नाही.
मग, "मधे करडं कडं दिसतंय."
"माशाचा डोळा म्हणतात त्याला."
"शिळ्या बांगड्याचा," आई म्हणाली
आणि खडा परत केला.

दुसरा काट्यावर दिमाखात बसला.
तिने तो आडवा धरायला लावला.
"वजन इथे कंबरेत लपवलंय.
पावसाळ्यात ओलसर गरही असेच भरतात."
रायकरांच्या पोराने मोबाइल खाली ठेवला.

तिसरा मी पाहिलाही नव्हता,
तिळाएवढा, घडीच्या कोपऱ्यात.
आईने तो बोटाच्या पेरावर ठेवला,
जिथे फोडणीच्या दिवसांतला चिकाचा काळा डाग आहे,
लिंबाने, राखेने, कशानेच न गेलेला,
आणि वरून पाहिलं, डाग आरपार दिसतो का.

दिसला नाही.
होती फक्त दुकानातली ट्यूबलाइट, तुकडे तुकडे होऊन,
आणि रस्त्यावरून गेलेल्या कदंब बसचा
एक निळा कण, क्षणभर.

"कोंदण बंद करू की खालून उघडं?"
"उघडं."

नाकाच्या आत कोण बघणार,
हे या वेळी मी मनातच म्हटलं.

मग तिने पर्स उघडली, पुन्हा मिटली,
आणि घासाघीस सुरू झाली.
ती चालली तासभर.