कोणत्या दिशेचे आपण

हामादातल्या सोयासॉसच्या कारखान्यात
फोनशेजारची खुर्ची मला मिळाली
त्या सकाळी कात्सुबेबाई म्हणाल्या,
"कोण" असं विचारायचं नाही.
कोण हे चोराला विचारतात,
नाहीतर रात्री परसात काही खुडबुडलं तर.
माणसाला म्हणायचं : दोचिरा-सामा देशोऽ का.
कोणती बरं दिशा असाल आपण?

मी वहीत लिहून घेतलं.
म्हणजे बोट रोखायचं नाही,
हात नुसता मोकळा सोडायचा लांबवर,
समोरच्यानं आपण होऊन
त्यात येऊन उभं राहायचं.

फोनवर तर तेवढंही नको.
शित्सुरेइ देसु गा…
आगाऊपणा होतोय, पण…
आणि थांब. "पण"च्या पुढे जाऊ नकोस.

मी थांबायला शिकले.
त्या रिकाम्या जागेत
रोज नावं येऊन पडू लागली,
मात्सुएचे बाटल्यांवाले इतोहारा,
विम्याचा तोच तो मुलगा,
एक आजी, जिला फक्त झाकण उघडत नव्हतं.

नोव्हेंबरात, पाचच्या सुमाराला
(इथे तिन्हीसांजेचं नावच मुळी
एक जुना प्रश्न आहे : तो पलीकडचा कोण?)
फोन वाजला. पुरुषाचा आवाज, मागे बोटीचं इंजिन.
कात्सुबेबाई आहेत का?
शित्सुरेइ देसु गा…
मी थांबले.
तोही थांबला.
माझ्या "पण"मध्ये इंजिन चालत राहिलं.

मग मी पुन्हा विचारलं, अगदी वाकून,
फोनवरही वाकतात इथे, मीही वाकते आताशा,
कोणत्या दिशेचे आपण?
"समुद्राकडचा," तो म्हणाला.

बाईंनी लेबलांचा गठ्ठा खाली ठेवला. चष्मा काढला,
ऐकायला चष्मा का काढावा लागतो कोण जाणे,
फोन कानाला लावला, आणि तोंडून निघाला
सगळं सामा, सगळं देशोऽ गळून पडलेला,
मला वर्ज्य केलेला तो उघडा शब्द :

दारे?

कोण रे, एवढंच ते.
माझ्या भाषेत त्याला आणखी एक अर्थ आहे.
तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

मी उठून वखारीत गेले,
पिंपांच्या रांगेत, आंबूस वासात
उभी राहिले बराच वेळ.
परतले तेव्हा फोन जागेवर होता.
बाई लेबलं चिकटवत होत्या,
एकूण एक वाकडी.