उघाडीची फळी

दादूस, आधी तार आली,
सहा दिवसांनी तुझं पत्र.
पोस्टमनला वाटलं, तारच खोटी.
सायकल अंगणात टाकून तो ओरडत आला,
'हसुरामचं पत्र! हसुरामचं पत्र!'
आडव्या सायकलचं चाक
किती तरी वेळ फिरत राहिलं.

पत्रात लढाई नव्हतीच.
इकडच्या मातीला चिकण नाही, लिहिलं होतंस,
मुठीत धरली तर सांडते,
हिचा बांध कुणी घालावा?
तरी खंदक माझाच सरळ, सुभेदार म्हणाले.
आणि कडेला, शाई संपत आलेली:
'उघारीची फली बदललीस का?
अवसेचं उधाण येल.'

मी नववीत होतो.
'फली' वाचून मनातल्या मनात
तुझं शुद्धलेखन सुधारलं.
फळी.
ती बदलली मात्र नाही.

अवसेला दोन दिवस होते.
दुसऱ्या दिवशी रेडिओ म्हणाला, युद्ध संपलं,
गोठिवलीत कुणी तरी गूळ वाटला,
आमचं दार चुकवून.
बाबा तुझी ट्रंक येईल म्हणून
चालत ठाणे स्टेशनात जाऊन बसायचा.
रात्री खाडी चढली. कुजकी फळी सुटली.
सकाळी आपल्या खाचरात
निवट्या उड्या मारत होत्या.

तीन वर्षं रता पिकला नाही.
लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं खारलं शेत.
मी म्हणू दिलं.

मग सिडको आली. सातबाऱ्यावर तू होतासच.
साहेबानं मृत्यूचा दाखला मागितला,
मी तार पुढे केली.
तो खुर्चीतून उठला,
मग उठून काय करावं ते न सुचून
पंख्याचं बटण दाबलं.

साडेबारा टक्क्यांवर आता चार मजले आहेत.
जिन्यात तुझा फोटो, तेवीस वर्षांचा.
नवे भाडेकरू विचारतात, 'काका, मुलगा का तुमचा?'
कधी कधी मी हो म्हणतो.

खाडीकडच्या तलावाला हल्ली
लोखंडी झडपा आहेत,
भरतीनं आपोआप मिटणाऱ्या.
वॉचमन मला ओळखतो, काही विचारत नाही.
मी वाकून एकेका झडपेवर हात ठेवतो,
पलीकडून पाणी ढकलत असतं.

उद्या अवस.
बॅटरीत नवे सेल घातलेत.